सदाफुली : अंगणातील फूल, मधुमेहाचा लोकोपचार आणि सुरक्षिततेचा विचार

प्रास्ताविक

सदाफुलीचे झाड ज्याच्या अंगणात नाही असे घर आपल्याकडे विरळाच. पाणी कमी मिळाले तरी ती तग धरते, जनावरे तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि बाराही महिने तिला फुले असतात. याच सदाफुलीची चार-पाच पाने किंवा फुले रोज सकाळी अनशापोटी चावून खाल्ली असता 'साखर उतरते', हा समज महाराष्ट्रात गावोगावी आढळतो. चिकित्सालयात येणाऱ्या मधुमेही रुग्णांपैकी कित्येकजण आपण न विचारताच ती घेत असतात; आणि आपण विचारले नाही तर सांगतही नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने ते औषध नसून 'झाडपाला' असतो.

औषधालयांच्या बाबतीतही हीच स्थिती आहे. ग्राहक सदाफुलीचे चूर्ण मागतो, दुकानदार ते मिळवून देतो आणि त्या देवघेवीची नोंद कोठेच होत नाही. अशा वेळी या वनस्पतीविषयी नेमके काय सिद्ध झाले आहे, काय झालेले नाही आणि धोका कोठे आहे, हे वैद्यवर्गाला स्पष्टपणे ठाऊक असणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्याचा क्रमाने विचार केला आहे.

वनस्पती परिचय व नामविचार

सदाफुलीचे शास्त्रीय नाव कॅथरॅन्थस रोझियस असे असून ती कण्हेरीच्या कुलातील, म्हणजे अपोसायनेसी कुलातील आहे. लिनियसने १७५९ मध्ये तिला विन्का रोझिया हे नाव दिले. पुढे १८३७ मध्ये जॉर्ज डॉन याने तिला आजच्या प्रजातीत घातले. जुन्या ग्रंथांत आणि रोपवाटिकांत अजूनही 'विन्का' हेच नाव चालते. विन्का मायनर ही युरोपातील निराळी वनस्पती असून तिच्यातील प्रमुख अल्कलॉइड विन्कामीन हे आहे. तेव्हा नावाच्या साम्यावरून एकीचे गुणधर्म दुसरीला लावणे चुकीचे होय.

सदाफुलीचे मूलस्थान मादागास्कर बेट आहे. तेथून ती उष्ण कटिबंधात सर्वत्र पसरली. त्यामुळे चरक, सुश्रुत व वाग्भट या बृहत्त्रयीत तिचा उल्लेख नसणे स्वाभाविक आहे. आयुर्वेदाच्या परिभाषेत ती अनुक्त द्रव्य ठरते. येथे एक सावधगिरी बाळगावी. निघंटूंमध्ये 'सदापुष्प' हा पर्याय आढळतो, पण तो अर्काचा, म्हणजे रुईचा आहे. या शब्दाचा आधार घेऊन सदाफुलीला शास्त्रोक्त ठरविण्याचा प्रयत्न काही वेळा केला जातो. तो ग्राह्य मानता येत नाही.

अनुक्त द्रव्य वापरूच नये असे शास्त्र सांगत नाही. जगात औषध नाही असे द्रव्यच नाही, हा चरकाचा सिद्धांत सर्वांना पाठ आहे. परंतु त्याच ठिकाणी युक्ती आणि प्रयोजन यांची अट घातलेली आहे, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. न ओळखलेल्या औषधाला चरकाने विष, शस्त्र, अग्नी व वज्र यांच्या पंक्तीत बसविले आहे. सदाफुलीकडे पाहताना हे दोन्ही विचार एकत्र ठेवावे लागतात.

मधुमेहाच्या शोधातून कर्करोगाचे औषध

सदाफुलीचा आधुनिक इतिहास वैद्यांनी बारकाईने वाचावा असा आहे, कारण तो मधुमेहापासूनच सुरू होतो. जमैका बेटावर या पानांचा काढा मधुमेहावर घेतला जात असे. १९५२ मध्ये तेथून काही पाने कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली. त्यांनी ती आपले बंधू डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे सोपविली. रॉबर्ट नोबल त्या वेळी वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधन करीत होते.

पानांचा जलीय अर्क उंदरांना तोंडावाटे दिला असता रक्तशर्करेवर काहीच परिणाम दिसला नाही. म्हणून तो शिरेतून देण्यात आला. तेव्हा साखर कमी झाली नाहीच, उलट सुमारे आठवडाभरात उंदीर अंगभर गळवे होऊन मरू लागले. त्यांच्या रक्तातील श्वेतकण अत्यंत घटले होते आणि अस्थिमज्जेचे कार्य मंदावले होते. जंतुसंसर्गाला तोंड देण्याची शक्तीच उरली नव्हती.

हा अपाय पाहूनच संशोधकांना वेगळी दिशा सुचली. जे द्रव्य श्वेतकण घटविते, ते श्वेतकणांच्या कर्करोगात उपयोगी पडेल काय? रॉबर्ट नोबल आणि रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बिअर यांनी १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टीन हे अल्कलॉइड वेगळे केल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीचे संशोधक स्वतंत्रपणे याच वनस्पतीवर काम करीत होते. त्यातून व्हिन्क्रिस्टीन हाती आले व १९६३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. बालकांच्या तीव्र रक्तकर्करोगात व्हिन्क्रिस्टीन आजही मूलभूत औषध आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही दोन्ही द्रव्ये आहेत.

या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने सिप्ला कंपनीने १९८४ मध्ये ही दोन्ही औषधे देशात विकसित केली.

कार्यकारी द्रव्ये

सदाफुलीत शंभराहून अधिक अल्कलॉइडे आढळली आहेत. चिकित्सकाने त्यांतील पुढील गट लक्षात ठेवावेत.

१. व्हिन्ब्लास्टीन व व्हिन्क्रिस्टीन : ही मुख्यतः पानांत, अत्यल्प प्रमाणात असतात. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रे दोन्हीकडे ओढून नेणारे सूक्ष्म तंतू ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनापासून बनतात. ही द्रव्ये ट्युब्युलिनला बांधली जातात, तंतू तयार होत नाहीत आणि विभाजन मध्यावरच थांबते. झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर, म्हणजे कर्करोगाच्या पेशींबरोबरच अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर व केसांची मुळे यांवरही परिणाम होतो. मज्जातंतूंतील वाहतूकही अशाच तंतूंवरून होत असल्याने नाडीविकृती उद्भवते.

२. व्हिन्डोलीन व कॅथरॅन्थीन : ही पानांत त्या मानाने अधिक असतात. कारखान्यात या दोहोंपासून पुढील औषधे बनविता येतात. व्हिन्डोलीन गटातील काही द्रव्यांच्या मधुमेहविरोधी कार्याचा प्रयोगशाळेत अभ्यास झाला आहे.

३. अजमॅलिसीन व सर्पेन्टीन : ही प्रामुख्याने मुळात असतात. यांचे नाते सर्पगंधेतील अल्कलॉइडांशी आहे. अजमॅलिसीनचा परिणाम रक्तवाहिन्यांवर व रक्तदाबावर होतो. म्हणून 'पंचांग' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णाचा विचार केवळ पानांप्रमाणे करता येत नाही.

एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टीन मिळविण्यासाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात, असा आकडा दिला जातो. म्हणजे एक किलो वाळलेल्या पानांतून हाती येते ते सुमारे २ मिलिग्रॅम. काढताना बरेच द्रव्य वाया जात असल्याने पानांतील प्रत्यक्ष प्रमाण याहून अधिक असणार. या हिशेबाचा अर्थ दोन्ही बाजूंनी समजून घ्यावा. दोन-चार फुले खाल्ल्याने कोणी केमोथेरपी घेतल्यासारखा आजारी पडत नाही, हे खरे. त्याचबरोबर त्या फुलांनी कर्करोग बरा होईल ही आशाही निराधार ठरते. मात्र मूठभर पानांचा आटवलेला काढा, संपृक्त अर्क किंवा चूर्ण महिनोन्महिने घेतल्यास हे सुरक्षिततेचे गणित बदलते. कोणत्या झाडाच्या पानांत किती अल्कलॉइड आहे हे जात, जमीन, ऋतू व पानाचे वय यांवर अवलंबून असल्याने घरगुती मात्रा निश्चित करण्याचा मार्गच उरत नाही.

मधुमेहातील उपयोगाचा पुरावा

पुराव्याच्या पायऱ्या असतात. लोकव्यवहार, प्रयोगशाळेतील पेशी, प्राणी आणि शेवटी मनुष्य अशी ती चढण आहे. सदाफुली तिसऱ्या पायरीवर थांबलेली दिसते.

प्राण्यांवरील अभ्यास अनेक आहेत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेही केलेल्या उंदरांत पाने व कोवळ्या फांद्यांच्या अर्काने रक्तशर्करा घटल्याचे आढळले. मात्र तो अर्क डायक्लोरोमिथेन व मिथेनॉल या द्रावकांत काढलेला होता. आपला स्वरस किंवा क्वाथ म्हणजे तो अर्क नव्हे. २००३ मध्ये ताज्या पानांचा रस सशांना देऊन अभ्यास झाला. त्यात मात्रेच्या प्रमाणात साखर उतरली. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, मधुमेही सशांप्रमाणेच निरोगी सशांतही साखर उतरली. जे द्रव्य निरोगी प्राण्यातही साखर उतरविते, ते आधीच साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णात रक्तशर्करा प्रमाणाबाहेर खाली नेऊ शकते. २०१३ मध्ये व्हिन्डोलीन, व्हिन्डोलिसीन आदी चार अल्कलॉइडांवर पेशींच्या स्तरावर काम झाले. हे सर्व संशोधन पुढील अभ्यासाला प्रवृत्त करणारे आहे, यात शंका नाही.

परंतु नियंत्रित गट ठेवून, पुरेशा रुग्णांवर, ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन मोजून आणि रक्तकणांवर लक्ष ठेवून केलेली, चिकित्सेचा आधार व्हावी अशी मोठी मानवी चाचणी सदाफुलीच्या नावे नाही. याउलट विजयसाराचे उदाहरण पाहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासगटाने १९९८ मध्ये नव्याने निदान झालेल्या ९७ मधुमेही रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. १२ आठवड्यांत त्यांपैकी ६७ रुग्णांत, म्हणजे ६९ टक्क्यांत शर्करा नियंत्रणात आली. त्या चाचणीत तुलनेसाठी नियंत्रण गट नव्हता, ही मर्यादा आहेच. तरीही ते मनुष्यावरील, मात्रा नोंदवून केलेले काम आहे. शिवाय विजयसार हे शास्त्रोक्त द्रव्य आहे. हाताशी असे द्रव्य असताना केवळ अंगणात फुकट मिळते म्हणून सदाफुलीकडे वळणे चिकित्सकाला शोभणारे नाही.

'माझी साखर सदाफुलीने उतरली' असे रुग्ण सांगतो, ते खोटे असतेच असे नाही. पाने खाण्यास सुरुवात करणारा रुग्ण त्याच सुमारास गोड सोडतो, सकाळी फिरू लागतो, जेवणाच्या वेळा पाळतो. एका दिवसाच्या उपाशीपोटीच्या तपासणीवरून निष्कर्ष काढला जातो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केल्याशिवाय श्रेय कोणाचे हे ठरविता येत नाही.

सुरक्षितता : कोठे व कोणास धोका

अस्थिमज्जा : २००४ मध्ये तैवानमधील चिकित्सकांनी एक रुग्णवृत्त प्रसिद्ध केले. कर्करोगावरील वनौषधी म्हणून सदाफुली सेवन केल्यानंतर त्या रुग्णाच्या अस्थिमज्जेचे कार्य तीव्रतेने दबले गेले होते. नोबल यांना उंदरांत जे दिसले, तेच येथे मनुष्यात दिसले. सदाफुली घेणाऱ्या रुग्णास अकारण ज्वर, मुखपाक, वारंवार होणारा जंतुसंसर्ग किंवा हिरड्यांतून रक्तस्राव होत असेल तर तत्काळ रक्तकणगणना करावी व द्रव्य बंद करावे.

नाडीसंस्था : व्हिन्क्रिस्टीनचा प्रमुख दुष्परिणाम म्हणजे हातापायांना मुंग्या, बधिरता, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावणे व तीव्र मलावष्टंभ. ही लक्षणे मधुमेहजन्य नाडीविकृतीशी तंतोतंत जुळतात. म्हणजे मधुमेही रुग्णास सदाफुलीमुळे अपाय झालाच, तर तो मधुमेहाच्याच खाती जमा होण्याचा संभव आहे. रुग्ण म्हणतो 'साखरेमुळे पाय बधिर झाले' आणि आणखी दोन पाने वाढवितो. पाय बधिर झालेल्या प्रत्येक मधुमेह्यास झाडपाल्याविषयी विचारावे ते याचसाठी.

गर्भिणी व सूतिका : पेशीविभाजन रोखणारी द्रव्ये गर्भास घातक असतात. गर्भिणी, गर्भधारणेची इच्छा असलेली स्त्री व स्तनपान देणारी माता यांना सदाफुली कोणत्याही स्वरूपात देऊ नये. बालकांनाही देऊ नये.

अन्य औषधांशी संयोग : विन्का अल्कलॉइडांचे पचन यकृतातील सीवायपी ३ए४ या विकरामार्फत होते. इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध त्या विकरास अडविते. व्हिन्क्रिस्टीनचे इंजेक्शन चालू असताना ते दिल्यास नाडीविकृती बळावते, हे नोंदलेले आहे. पानांच्या काढ्यातही तीच द्रव्ये असल्याने हा संयोग टाळणेच योग्य. आजकाल गजकर्णासाठी हे औषध आठवडेच्या आठवडे घेणारे मधुमेही रुग्ण आपण सर्वजण पाहतो. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना मुळासकट बनविलेले चूर्ण त्रासदायक ठरू शकते. कर्करोगाची चिकित्सा चालू असलेल्या रुग्णाने तर सदाफुलीला हातही लावू नये.

सर्वांत मोठा धोका : प्रत्यक्ष व्यवहारात सदाफुलीच्या विषाक्ततेपेक्षाही तिच्यावरील विश्वास अधिक अपाय करतो. रुग्ण इन्सुलिन किंवा गोळ्या परस्पर बंद करतो. साखर वाढत राहते आणि दृष्टिपटल, वृक्क व पाय यांची हानी निःशब्दपणे होत राहते.

फुलाच्या रंगाविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. पांढरी सदाफुली औषधी व गुलाबी निरुपयोगी, किंवा याच्या उलट, असे समज प्रचलित आहेत. दोन्ही एकाच वनस्पतीचे प्रकार आहेत. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने विकसित केलेल्या 'निर्मल' व 'धवल' या जाती पांढऱ्या फुलांच्या आहेत, पण त्या लागवडीसाठी आहेत. रंग हा सुरक्षिततेचा निकष नव्हे.

कायदा व औषधालय

औषधी द्रव्ये व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार आयुर्वेदीय औषधाची व्याख्या पहिल्या अनुसूचीतील प्रमाणग्रंथांशी जोडलेली आहे. पेटंट किंवा प्रोप्रायटरी औषधातही त्या ग्रंथांतील योगांमध्ये आलेलीच द्रव्ये घालता येतात. म्हणून सदाफुलीयुक्त उत्पादन मांडणीत ठेवण्यापूर्वी त्यावरील परवाना क्रमांक, घटकद्रव्ये, वनस्पतीचा उपयोगात आणलेला भाग व निर्मितीची तारीख पाहावी. मोकळे चूर्ण पुडीत बांधून देणे पूर्णतः टाळावे.

या कायद्याखालील नियमांच्या ई (१) अनुसूचीत विषारी द्रव्यांची यादी आहे. कण्हेर आणि कळलावी ही उद्यानातील दोन फुले तीत आहेत. सदाफुली तीत नाही. परंतु यादीत नसणे हा सुरक्षिततेचा दाखला नव्हे. तसेच १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह व कर्करोग या दोहोंचा समावेश असल्याने 'मधुमेह समूळ बरा' अशा स्वरूपाचा फलक किंवा पत्रक लावणारा दुकानदारही अडचणीत येतो.

चिकित्सकाने काय करावे

१. प्रत्येक मधुमेही रुग्णास 'कोणते औषध घेता?' याबरोबरच 'घरचे, झाडाचे काही घेता काय?' असे स्वतंत्रपणे विचारावे. रागावू नये, रागावल्यास पुढच्या खेपेस तो सांगणार नाही.

२. घेत असल्यास भाग, प्रमाण, कालावधी व स्वरूप (कच्चे, काढा, चूर्ण) यांची नोंद करावी. दुष्परिणामाचा विचार करताना हीच नोंद उपयोगी पडते.

३. सेवन थांबविण्यास सांगावे. ते थांबविल्यावर शर्करा वाढू शकते, म्हणून दोन आठवडे अधिक लक्ष ठेवावे. चालू गोळ्या किंवा इन्सुलिन मात्र बंद करू देऊ नये.

४. दीर्घकाळ सेवन झाले असल्यास रक्तकणगणना, यकृत व वृक्कक्रिया, ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन या तपासण्या कराव्यात आणि पायांच्या संवेदना तपासाव्यात.

५. शास्त्रोक्त पर्याय सुचवावा. निशा-आमलकी, विजयसार, जांभूळबीज, मधुनाशिनी ही द्रव्ये दोष, बल व अग्नी पाहून योजावीत. नुसते 'घेऊ नका' एवढेच सांगितले तर रुग्ण पुन्हा अंगणाकडे वळतो.

६. दुष्परिणामाचा संशय आल्यास तो औषध दक्षता केंद्रास कळवावा. आयुष औषधांसाठी २०१७-१८ पासून त्रिस्तरीय यंत्रणा उभारलेली असून तिचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. कळविल्याने आयुर्वेदाची बदनामी होते ही भीती अनाठायी आहे. आपल्या शास्त्राची विश्वासार्हता अशा नोंदींतूनच वाढेल.

उपसंहार

सदाफुलीने असंख्य बालकांचे प्राण वाचविले आहेत. पण ते कार्य पानाचे नसून पानातून वेगळ्या केलेल्या, शुद्ध केलेल्या, मिलिग्रॅममध्ये मोजलेल्या आणि रक्त तपासून दिलेल्या द्रव्याचे आहे. २०१८ मध्ये व्हिन्ब्लास्टीन वनस्पतीत कसे घडते याची उरलेली दुवेसाखळी उलगडली आणि २०२२ मध्ये त्याचे पूर्वगामी घटक यीस्टमध्ये तयार करण्यात यश आले. म्हणजे उद्या या औषधासाठी पानांची गरजही कदाचित उरणार नाही. मधुमेहातील तिच्या उपयोगाविषयी संशोधन जरूर व्हावे, आयुर्वेदीय महाविद्यालयांनी ते हाती घ्यावे. मात्र ते नीतिसमितीच्या संमतीने, मात्रा निश्चित करून आणि रक्तकणांवर नजर ठेवून व्हावे. तोपर्यंत सदाफुली अंगणात व देवपूजेत शोभते. तिला औषधाच्या पुडीत बांधू नये.

स्वाध्यायासाठी प्रश्न

१. निघंटूतील 'सदापुष्प' आणि आजची सदाफुली यांत फरक कोणता?

२. नोबल यांच्या प्रयोगात तोंडावाटे व शिरेवाटे दिलेल्या अर्काचे परिणाम कसे भिन्न होते आणि त्यावरून मधुमेहातील उपयोगाविषयी काय म्हणता येईल?

३. ग्लिमेपिराइड व इट्राकोनॅझोल घेणारा रुग्ण रोज सदाफुलीचा काढा घेतो. त्यास संभवणारे दोन धोके सांगून आपण कोणत्या तपासण्या कराल ते लिहा.

४. मधुमेही रुग्णात सदाफुलीजन्य नाडीविकृती दुर्लक्षित का राहू शकते?